जावळातील नोंद

पाठ परिचय

महाराष्ट्रात तान्ह्या बाळाच्या डोक्यावरील पहिल्या केसांना 'जावळ' म्हणतात. घरातील मोठी माणसे चांगला दिवस पाहून ते काढण्याचे ठरवतात. मामा बाळाला मांडीवर घेऊन बसतो, न्हावी हलक्या हाताने केस उतरवतो आणि बाळ रडून घर डोक्यावर घेते. शेजारच्या कर्नाटकातही हा विधी घरोघरी होतो. जावळ हे बाळाने आईच्या पोटातून आणलेले केस आहेत, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्या केसांत बाळाच्या जन्माआधीच्या दिवसांची एक रासायनिक नोंद असते, हे मात्र विज्ञानाला अलीकडेच कळले आहे. ती नोंद कशाची असते, ती कशी वाचतात, तिच्यावरून काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, याचा विचार या पाठात केला आहे. आई आणि बाळ यांच्या ताणासंबंधी बेंगळुरू शहरात होत असलेल्या कार्याचीही ओळख त्यात करून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर विद्यार्थ्यांना
• ताण आणि संप्रेरक यांचा संबंध सांगता येईल;
• केसांतील कॉर्टिसॉल मोजण्याची पद्धत क्रमाने स्पष्ट करता येईल;
• वैज्ञानिक मापनाच्या मर्यादा ओळखता येतील;
• गरोदर स्त्रीला आणि नवजात बाळाला कुटुंबाचा आधार का आवश्यक आहे, हे समजेल.

१. ताण म्हणजे काय?

'ताण' हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. पैशाची चिंता, घरातील आजारपण, कामावरील धाकधपटशा या सर्वांना एकच नाव दिले जाते. शरीरशास्त्रात या शब्दाला नेमका अर्थ प्राप्त झाला तो हान्स सेल्ये या शास्त्रज्ञामुळे. कॅनडातील माँट्रियल येथे प्रयोग करताना त्यांना असे आढळले की, उंदरांना थंडी, जखम किंवा विषारी पदार्थ यांपैकी कशानेही त्रास झाला, तरी त्यांचे शरीर जवळजवळ सारखाच प्रतिसाद देते. हे निरीक्षण त्यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केले.

हा प्रतिसाद मेंदूपासून सुरू होतो. संकटाची जाणीव होताच मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग पीयूषिका ग्रंथीला संदेश देतो. पीयूषिका ग्रंथी रक्तामार्फत तो संदेश मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींकडे पोहोचवते. या ग्रंथी मग 'कॉर्टिसॉल' नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. कॉर्टिसॉलमुळे रक्तातील साखर वाढते, रक्तदाब टिकून राहतो आणि संकटाला तोंड देण्यासाठी शरीराला बळ मिळते. संकट टळले की कॉर्टिसॉल स्वतःच मेंदूला थांबण्याची खूण करते आणि त्याचे प्रमाण पुन्हा उतरते. अधिवृक्क ग्रंथींच्या या संप्रेरकांवरील संशोधनासाठी केंडल, राइखस्टाइन आणि हेंच या तिघांना १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

यावरून कॉर्टिसॉल हे काही विष नव्हे, हे लक्षात येईल. गर्भालाही त्याची गरज असते. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत गर्भाच्या शरीरात कॉर्टिसॉल वाढते आणि त्यामुळे त्याची फुप्फुसे बाहेरच्या हवेत श्वास घेण्यायोग्य होतात. न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये दाखवून दिले की, दिवस भरण्यापूर्वी बाळंत होण्याचा धोका असलेल्या स्त्रीला याच प्रकारच्या औषधाचे इंजेक्शन दिल्यास बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो. आज जगभर हा उपचार केला जातो. अपाय होतो तो कॉर्टिसॉल असण्याने नव्हे, तर ते दीर्घकाळ चढलेले राहिल्याने.

२. न बोलणाऱ्या बाळाचे दुःख

मोठ्या माणसाला आपले दुःख सांगता येते. नवजात बाळाला केवळ रडता येते आणि अगदी अशक्त बाळाला तेही जमत नाही. याचा एक विपरीत परिणाम वैद्यकाच्या इतिहासात झाला. नवजात बाळाची मज्जासंस्था अपरिपक्व असल्यामुळे त्याला फारशा वेदना होत नाहीत, असा समज १९८० च्या दशकापर्यंत अनेक देशांत रूढ होता. त्यामुळे अशक्त बाळांवर शस्त्रक्रिया करताना त्यांना पुरेसे वेदनाशामक औषध दिले जात नसे. औषधानेच बाळ दगावेल, अशी भीतीही त्यामागे होती.

या समजाला धक्का दिला तो इंदूर येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन पुढे इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे संशोधन करणाऱ्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी. शस्त्रक्रियेच्या वेळी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजली. ज्या बाळांना प्रभावी वेदनाशामक दिले होते, त्यांच्यात ही संप्रेरके कमी वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. हे निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नवजात बाळांच्या वेदनेकडे पाहण्याची जगाची दृष्टी बदलली. बाळाला जे बोलता येत नव्हते, ते त्याच्या रक्ताने सांगितले होते.

३. रक्त, लाळ, मूत्र आणि केस

रक्तातून कॉर्टिसॉल मोजण्यात मात्र एक अडचण आहे. सुई टोचताच बाळ घाबरते आणि त्याचे कॉर्टिसॉल वाढते. ज्या ताणाचे माप घ्यायचे, त्यात माप घेणाराच भर घालतो. लाळेची चाचणी वेदनारहित असते. परंतु नवजात बाळाच्या तोंडातून पुरेशी लाळ मिळवणे कठीण जाते. शिवाय रक्त काय किंवा लाळ काय, त्यांतून फक्त त्या घटकेची स्थिती कळते. मोठ्या माणसाचे कॉर्टिसॉल सकाळी अधिक आणि मध्यरात्री कमी असते. नवजात बाळात तर ही दैनंदिन लयदेखील स्थिर झालेली नसते. ती पुढील काही महिन्यांत हळूहळू येते. मूत्रातून फार तर दिवसभराचा हिशेब लागतो.

दीर्घकाळच्या ताणाचे माप घ्यायचे तर आठवड्यांचा आणि महिन्यांचा हिशेब ठेवणारी एखादी वही हवी. अशी वही केसांच्या रूपाने प्रत्येकाच्या डोक्यावर असते. केसांत विषाचे किंवा अमली पदार्थांचे अंश सापडतात, हे गुन्हेतपासाच्या शास्त्राला आधीपासून माहीत होते. शरीरातील नैसर्गिक कॉर्टिसॉलही मानवी केसांत मोजता येते, हे फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवून दिले.

४. केसांत नोंद होते कशी?

केसाचे मूळ त्वचेच्या आत एका लहानशा कोषात असते. या कोषाला सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पोषण मिळते. केस घडत असताना रक्तातील कॉर्टिसॉलचा अत्यल्प अंश त्यात मिसळतो. पुढे केस कठीण होऊन त्वचेबाहेर सरकतो आणि तो अंश त्यात तसाच राहतो. मोठ्या माणसाचे केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतात. म्हणून डोक्यालगतचा ३ सेंटिमीटर केस साधारणतः गेल्या तीन महिन्यांची माहिती देतो. वडाच्या पारंब्या किती लांब झाल्या यावरून जसा काळाचा अंदाज बांधावा, तसेच हे आहे.

जर्मनीतील संशोधकांनी २००९ मध्ये नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांचे केस अशा रीतीने तपासले. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यांच्या शरीरात वाढलेले कॉर्टिसॉल केसांच्या त्या त्या भागात दिसून आले.

बाळाच्या बाबतीत हिशेब थोडा निराळा आहे. गर्भाच्या डोक्यावर साधारण पाचव्या महिन्याच्या सुमारास केस दिसू लागतात. त्यामुळे जन्मतः असलेले केस प्रामुख्याने गरोदरपणाच्या उत्तरार्धाची, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांची नोंद दाखवतात, असे मानले जाते. आईचे कॉर्टिसॉल जसेच्या तसे बाळापर्यंत पोहोचते, असेही नाही. वारेमध्ये एक विकर असते. ते आईच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निष्क्रिय करते. वार ही जणू दाराशी बसलेली राखणदार होय. तरीही थोडा अंश पलीकडे जातो आणि बाळाच्या स्वतःच्या ग्रंथीही कॉर्टिसॉल तयार करीत असतात. यामुळेच नवजात बाळाच्या केसांतील प्रमाण आईच्या केसांतील प्रमाणापेक्षा बरेच अधिक आढळते. त्यात घाबरण्यासारखे काही नसते.

५. मोजणी कशी करतात?

प्रथम आईवडिलांना उद्देश समजावून सांगून त्यांची लेखी संमती घेतली जाते. जावळाशी घराघराच्या श्रद्धा जोडलेल्या असल्यामुळे ही पायरी केवळ कागदोपत्री उरकून चालत नाही. संमती मिळाल्यावर बाळाच्या डोक्याच्या मागील बाजूचे थोडे केस बारीक कात्रीने, त्वचेच्या अगदी लगत कापतात. केस उपटत नाहीत. त्यामुळे बाळाला वेदना होत नाहीत. काही मिलिग्रॅम केस पुरतात. मुळाकडचे टोक कोणते, याची खूण करून ही बट ॲल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवतात. तिला बर्फात ठेवावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. जेथे वीज आणि शीतपेट्या यांची खात्री नसते, अशा ठिकाणाहूनही नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो.

प्रयोगशाळेत केस आधी एका विशिष्ट अल्कोहोलने धुतात, म्हणजे वरचा घाम, तेल आणि मळ निघून जातो. ते वाळल्यावर त्यांचे बारीक तुकडे किंवा भुकटी करतात. ही भुकटी मिथेनॉल नावाच्या द्रवात बराच वेळ, बहुधा रात्रभर ठेवली असता केसांतील कॉर्टिसॉल त्या द्रवात उतरते. नंतर द्रव उडवून टाकून उरलेल्या अंशाची तपासणी होते. त्यासाठी दोन पद्धती आहेत. एकीत कॉर्टिसॉलला नेमके चिकटणारे प्रतिपिंड वापरतात. दुसरीत यंत्राच्या साहाय्याने रेणूंचे वस्तुमान पाहून त्यांची ओळख पटवतात. दुसरी पद्धत अधिक अचूक आहे, पण महाग आहे.

निष्कर्ष 'दर मिलिग्रॅम केसामागे इतके पिकोग्रॅम' असा मांडतात. एक पिकोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा एक अब्जावा भाग. इतक्या सूक्ष्म राशीचा शोध घ्यायचा असल्याने केस कापण्यापासून धुण्यापर्यंत प्रत्येक पायरी काटेकोरपणे पाळावी लागते.

६. काय आढळले?

कॅनडातील टोरंटो येथील संशोधकांनी २००७ मध्ये अतिदक्षता विभागात ठेवलेल्या नवजात बाळांच्या केसांची निरोगी बाळांच्या केसांशी तुलना केली. रुग्णालयातील बाळांच्या केसांत कॉर्टिसॉल अधिक आढळले. पूर्ण दिवसांच्या आजारी बाळांमध्ये यंत्राने श्वास देण्याचे दिवस जसे वाढले, तसे हे प्रमाणही वाढले. नळ्या, सुया, प्रखर दिवे, यंत्रांचे आवाज आणि आईपासून झालेली ताटातूट हे सर्व जीव वाचवण्यासाठी सोसावे लागते. पण त्याची किंमत बाळाचे शरीर मोजत असते, हे या अभ्यासातून दिसले.

गरोदरपणी आईला झालेला मानसिक त्रास बाळाच्या केसांत उतरतो का, या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सरळ नाही. काही अभ्यासांत असा संबंध दिसला, काहींत दिसला नाही. याची कारणे अनेक आहेत. गर्भजलातही कॉर्टिसॉल असते आणि बाळाचे केस महिनोन्महिने त्यातच भिजत असतात. काही बाळांच्या डोक्यावर तपासण्यापुरते केसच नसतात. नमुना उशिरा घेतला तर जन्मानंतरचे दिवसही त्यात मिसळतात. तेल आणि वारंवारच्या न्हाऊमाखूचाही परिणाम संभवतो. दीर्घकाळ ताण सोसलेल्या शरीरात कधीकधी कॉर्टिसॉल वाढण्याऐवजी घटलेले आढळते. शिवाय नवजात बाळाच्या केसांत किती प्रमाण 'योग्य', याचे सर्वमान्य कोष्टक नाही. म्हणून ही चाचणी संशोधनाचे साधन आहे. एखाद्या बाळाच्या आरोग्याचा निर्णय तिच्यावरून दिला जात नाही.

७. बेंगळुरूमधील प्रयत्न

आईचे मन आणि बाळाचे आरोग्य यांचा एकत्रित विचार करणाऱ्या भारतीय शहरांत बेंगळुरूचे स्थान महत्त्वाचे आहे. तेथील होसूर रस्त्यावर राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे. 'निम्हान्स' या नावाने ती देशभर ओळखली जाते. पूर्वी बाळंतपणानंतर एखाद्या स्त्रीला तीव्र मानसिक आजार झाला, तर तिला रुग्णालयात दाखल करताना बाळ घरी ठेवावे लागे. आजाराच्या दुःखात विरहाचे दुःख मिसळत असे आणि बाळाचे दूधही तुटत असे. निम्हान्सने २००९ मध्ये आई आणि बाळ यांच्यासाठी स्वतंत्र कक्ष सुरू केला. तेथे उपचार घेणाऱ्या आईजवळच बाळ राहते. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे तत्त्व देशभर मान्य केले. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तिच्यापासून वेगळे करू नये, असे हा कायदा सांगतो.

निम्हान्सच्या तज्ज्ञांनी इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांसह बेंगळुरूमधील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा गरोदरपणापासून अभ्यास हाती घेतला. या इंग्रज संशोधकांनी त्यापूर्वी आपल्या देशात केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. आईला गरोदरपणी नैराश्य आले असले, तरी जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत जी आई बाळाला वारंवार मायेने कुरवाळत असे, तिच्या बाळावर त्या नैराश्याचा परिणाम कमी दिसला. याचा अर्थ असा की, पोटात असताना झालेली नोंद म्हणजे बाळाच्या कपाळावरील न पुसणारी रेघ नव्हे.

स्पर्शाचे हेच सामर्थ्य 'कांगारू मातृ संगोपन' या पद्धतीत वापरले जाते. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे उभे धरून बांधून ठेवतात. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशात १९७८ च्या सुमारास ही पद्धत सुरू झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या २०६ बाळांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कांगारू पद्धतीने सांभाळलेल्या बाळांचे वजन दिवसाला सरासरी सुमारे २४ ग्रॅम वाढले. इतर बाळांचे सुमारे १६ ग्रॅम वाढले. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय संस्थेने कर्नाटक शासनाच्या साहाय्याने ही पद्धत कोप्पळ जिल्ह्यातील गावोगावच्या मातांपर्यंत नेली. आफ्रिकेतील चार देश आणि भारत येथे जागतिक आरोग्य संघटनेने केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू संगोपन सुरू केल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले. या उपचाराला सर्वांत आधी लागते ती आईची कूस. आणि आई थकली असेल तर वडील, आजी किंवा मावशीही बाळाला छातीशी धरू शकतात.

८. मापन आणि निवाडा

जावळातील कॉर्टिसॉल मोजता येते, हे कळल्यावर एक धोका संभवतो. बाळ अशक्त निघाले की, 'तूच पोटुशी असताना चिंता करीत होतीस' असा दोष आईच्या माथी मारला जाण्याची भीती आहे. असा निवाडा विज्ञानाला धरून नाही. केसांतील अंक ताण किती होता याचा अंदाज देतो. तो ताण कोणी दिला, हे सांगत नाही. गरोदर स्त्रीला पोटभर न मिळालेले अन्न, सातव्या-आठव्या महिन्यातही न सुटलेले जड काम, घरातील मारहाण, मुलगाच व्हावा म्हणून लावलेला घोष यांची नावे केसावर लिहिलेली नसतात. ताण आईच्या शरीरात दिसतो म्हणून त्याचे मूळही तिच्यातच आहे, असे मानणे म्हणजे ताप मोजणाऱ्या नळीलाच तापाचे कारण समजण्यासारखे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत सुमारे १५.६ टक्के स्त्रियांना गरोदरपणी आणि १९.८ टक्के स्त्रियांना बाळंतपणानंतर मानसिक आजार होतो. त्यांत नैराश्य प्रमुख असते. सतत रडू येणे, झोप न लागणे, बाळाविषयी काहीच न वाटणे, जगणे नकोसे होणे ही त्याची लक्षणे होत. ती दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, तर आरोग्यसेविकेला किंवा डॉक्टरांना अवश्य सांगावे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. या सेवेच्या उभारणीतही निम्हान्सचा मोठा वाटा आहे.

गरोदर स्त्रीला बाळंतपणासाठी माहेरी नेण्याची, तिचे डोहाळे पुरवण्याची आणि बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. तिच्या मुळाशी असलेली जाणीव आणि प्रयोगशाळेतील सूक्ष्म मोजणी अखेर एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात: बाळाची काळजी त्याच्या जन्मापासून नव्हे, तर त्याच्या आईला मिळणाऱ्या वागणुकीपासून सुरू होते. जावळ उतरवले की त्यातील नोंदही त्याच्याबरोबर जाते; मायेच्या माणसांत वाढणाऱ्या बाळाच्या डोक्यावर नवे केस येतात आणि नवी नोंद सुरू होते.

शब्दार्थ

जावळ – तान्ह्या बाळाचे पहिले केस
संप्रेरक – ग्रंथीतून रक्तात मिसळणारा, शरीराचे कार्य नियंत्रित करणारा पदार्थ
वार – गर्भाशयात बाळाचे पोषण करणारा अवयव
विकर – शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ
प्रतिपिंड – विशिष्ट पदार्थाला नेमके चिकटणारे प्रथिन
राखणदार – पहारा करणारी व्यक्ती
निवाडा – निर्णय, न्याय

स्वाध्याय

१. कॉर्टिसॉल हे विष नव्हे, हे पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. रक्तातून ताण मोजण्यात कोणती अडचण येते?
३. केसांचा नमुना घेण्यापासून निष्कर्षापर्यंतच्या पायऱ्या क्रमाने लिहा.
४. 'केसांतील अंक ताण किती होता याचा अंदाज देतो. तो ताण कोणी दिला, हे सांगत नाही.' या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
५. आपल्या परिसरात गरोदर स्त्रीला विश्रांती आणि आधार देणाऱ्या कोणत्या रीती आहेत? घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.